माहूरची रायबागन आणि कादंबरीकाराचे इतिहासव्रत

(महागाव, जि. यवतमाळ येथील व्याख्यानाचा मजकूर)



महागाव तालुक्यातून वाहणारी पूस नदी हिवरा संगम येथे पैनगंगेला मिळते. पैनगंगेच्या पलीकडे माहूरचा डोंगर उभा आहे. रेणुकामातेच्या दर्शनाला जाताना या परिसरातील प्रत्येक घराने तो डोंगर चढलेला असतो. परंतु याच माहूर परगण्यातून साडेतीनशे वर्षांपूर्वी एक स्त्री घोड्यावर बसून, स्वतःचे सैन्य घेऊन सह्याद्रीपर्यंत गेली होती आणि उंबरखिंडीत तिची गाठ प्रत्यक्ष शिवछत्रपतींशी पडली होती, ही गोष्ट किती घरांत सांगितली जाते? तिचे नाव सावित्रीबाई. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातील ही सरदारीण. मोगल दरबाराने तिच्या पराक्रमाबद्दल तिला ‘रायबागन’ म्हणजे राजेशाही वाघीण हा किताब दिला.

समजा, महागावातील एखाद्या तरुण लेखकाने उद्या रायबागनवर कादंबरी लिहायला घेतली, तर त्याने आधी काय करावे? कागदावर पहिले वाक्य उमटण्यापूर्वी त्याला किती वाट चालावी लागेल? आजच्या विषयाचा गाभा एवढाच आहे. हा प्रश्न केवळ साहित्यिकांचा नाही. सामान्य मराठी माणूस इतिहास शिकतो तो संशोधकांच्या खंडांतून नव्हे. तो शिकतो कादंबऱ्यांतून, नाटकांतून आणि पोवाड्यांतून. म्हणून कादंबरीकाराची चूक एका पुस्तकापुरती राहत नाही, ती समाजाच्या स्मृतीत जाऊन बसते.

परंपरा आणि तिचा धडा

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’चे नाव घेतले जाते. तिचा काळ १८७१. तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा ग्रंथ म्हणजे ग्रँट डफने १८२६ मध्ये इंग्रजीत लिहिलेला इतिहास. आपल्याच पूर्वजांची ओळख आपल्याला परक्यांच्या चष्म्यातून करून घ्यावी लागत होती. हरिभाऊ आपट्यांसारख्या श्रेष्ठ लेखकालाही ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिताना मेडोज टेलर या इंग्रज लेखकाच्या कादंबरीचा आधार घ्यावा लागला.

चित्र पालटले ते इतिहासाचार्य राजवाड्यांमुळे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि त्यात पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे लोकांसमोर आली. हातात पिशवी, अंगावर जाडेभरडे कपडे आणि स्वतःच्या हाताने शिजवलेले अन्न, अशा थाटात हा पुरुष गावोगाव फिरला. वाड्यांच्या माळ्यांवरचे रुमाल उलगडत राहिला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे घराण्यातील शकावली प्रकाशात आणली आणि शिवजन्माच्या तिथीचा विचार नव्या पायावर सुरू झाला. ही शकावली सरकारी कचेरीत नव्हती, एका देशमुखाच्या घरात होती, हे विसरू नये.

या परंपरेत एक इशाराही दडलेला आहे. हरिभाऊंची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. तानाजी मालुसऱ्यांच्या बलिदानानंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. तानाजींचे बलिदान १६७० मधील. परंतु ‘सिंहगड’ हे नाव शिवाजी महाराजांच्या १६६३ मधील पत्रात आढळते. तानाजींच्या पराक्रमाला त्यामुळे तसूभरही उणेपणा येत नाही. मात्र लेखणीचे सामर्थ्य केवढे असते, हे यावरून कळते. असे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे, त्याने दुप्पट सावध असले पाहिजे.

उलट बाजूचे उदाहरण छत्रपती संभाजी महाराजांचे. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिलेल्या चिटणीस बखरीने त्यांचे जे चित्र रंगवले, तेच नाटककारांनी आणि कथाकारांनी पुढे चालवले. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा, नऊ वर्षे औरंगजेबाशी झुंजणारा आणि अखेर हौतात्म्य पत्करणारा राजा लोकांच्या नजरेत व्यसनी ठरला. वा. सी. बेंद्रे यांनी सुमारे चाळीस वर्षे कागदपत्रे धुंडाळली आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र सिद्ध केले. त्यानंतर १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली आणि संशोधकाचे सत्य घराघरांत पोहोचले. आधी बेंद्रे, मग सावंत. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. संशोधन हे बी आणि कादंबरी हे झाड. बी न पेरता झाडाची अपेक्षा करणारे अनेक असतात.

साधनांची पारख

आता रायबागनकडे वळू. तिच्याविषयीचा सर्वांत मोलाचा आधार म्हणजे कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’. शिवाजी महाराजांच्या आश्रयाने लिहिलेले हे संस्कृत काव्य. त्याचे हस्तलिखित तंजावरला मिळाले आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ मध्ये ते मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले. त्याच्या अखेरच्या अध्यायांत उंबरखिंडीचे वर्णन आहे. पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात उतरण्यासाठी पाठवले आणि त्याच्यासोबत रायबागनला दिले. लोणावळ्याजवळून दाट रानातल्या अरुंद वाटेने सैन्य खाली उतरू लागले आणि महाराजांनी दोन्ही तोंडे बंद केली. पुढे मराठे, मागे मराठे, वर झाडीत मराठे आणि पिण्यास पाणी नाही. तेव्हा खानाने रायबागनचा सल्ला घेतला. या रानात शिरण्यातच चूक झाली, आता शरण जाऊन सैन्याचे प्राण वाचवावेत, असे तिने स्पष्ट सांगितले. खानाने तो सल्ला मानला. जडजवाहीर आणि सामान मागे टाकून सैन्याला जिवंत जाऊ देण्यात आले.

हा एक आधार झाला. तो समकालीन आहे, पण काव्य आहे. त्यातील भाषण शब्दशः झाले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल; प्रसंग मात्र खरा आहे. म्हणून दुसरी बाजूही तपासावी लागते. उदाराम घराण्याची हकिगत फारसी ग्रंथांतून येते. जहांगिराच्या विरुद्ध बंड करणारा शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, १६२३ मध्ये माहूरमार्गेच गोवळकोंड्याकडे गेला होता. हे घराणे दख्खनच्या राजकारणात किती मध्यवर्ती होते, हे त्यावरून समजते. मराठीत यादव माधव काळे यांचा १९२४ चा ‘वऱ्हाडचा इतिहास’ वाचल्याशिवाय या भागातील लेखकाने पुढे जाऊच नये.

कागद कुठे शोधावेत, याचेही एक शास्त्र आहे. पुसदचा भाग १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता. १८५३ पूर्वी वऱ्हाड निजामाच्या अमलात होता. म्हणजे महागाव परिसराचा जुना कागद यवतमाळात सापडेलच असे नाही. तो हैदराबादच्या दप्तरात असू शकतो. तेथे शाहजहान आणि औरंगजेब यांच्या दख्खनमधील कारभाराची हजारो फारसी कागदपत्रे आहेत. त्यांत शिपायांच्या चेहऱ्यांची आणि घोड्यांची वर्णने नोंदलेली आहेत: कोणाच्या गालावर तीळ, कोणाच्या कपाळावर वार, कोणत्या घोड्यावर कसला डाग. बदली माणूस किंवा बदली घोडा उभा करून सरकारी पैसा लाटला जाऊ नये, म्हणून ही व्यवस्था होती. कारकुनाने हिशेबासाठी लिहिलेली ती ओळ कादंबरीकाराला हाडामांसाचा माणूस देऊन जाते.

भूमी, ऋतू आणि ताट

कागदानंतर पाय. गो. नी. दांडेकरांचा जन्म १९१६ मध्ये आपल्याच विदर्भातील परतवाड्याचा. शिवकालावर त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, पण त्याआधी आणि त्यानंतरही ते आयुष्यभर गड चढत राहिले. म्हणूनच त्यांच्या लेखनात वाट खरी असते, वारा खरा असतो आणि चढताना लागलेला दमही खरा असतो. रायबागनच्या लेखकालाही उंबरखिंड पायी उतरावी लागेल आणि माहूरगडाच्या तटावरून पैनगंगेचे वळण पाहावे लागेल.

मात्र डोळ्यांना दिसते ते सारे जुने नसते. आज महागावच्या शिवारात सोयाबीन डोलते. ते आले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रस्त्याकडेचा गुलमोहर मूळचा मादागास्करचा. बांधावरची घाणेरी इंग्रजी अमदानीतली. शेतातला लांब धाग्याचा संकरित कापूसही नवा. सतराव्या शतकात होता तो आखूड धाग्याचा देशी कापूस. सागाचे रान, पळस, मोह, ज्वारी, तूर आणि काळी जमीन ही मात्र तेव्हाचीच. धरणे नव्हती, म्हणून पैनगंगा पावसाळ्यात आजच्यापेक्षा रौद्र आणि उन्हाळ्यात आजच्यापेक्षा दीन असणार.

स्वयंपाकघरात तर पावलोपावली फसगत होते. रायबागनला एकादशीला साबुदाण्याची खिचडी खायला घालणारा लेखक वाचकांना खटकणारही नाही, इतके ते पदार्थ आपल्या अंगवळणी पडले आहेत. पण साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, रताळे आणि शेंगदाणा ही सारी मूळची अमेरिकेतली. त्या काळच्या वऱ्हाडी घरातील उपवासाला भगर, दूध-ताक, शिंगाडा आणि रानातली फळे हेच अधिक जवळचे. सरदारांच्या तळावर चहा नाही. आणि हजारोंच्या त्या तळाला धान्य पुरवणारे कोण? बैलांच्या पाठीवर गोण्या लादून लष्करामागे चालणारे बंजारा तांडे. आज पुसद-महागाव भागात ज्या तांड्यांची वस्ती आहे, त्यांच्या पूर्वजांनी मोठमोठ्या फौजा जगवल्या. रायबागनच्या कादंबरीत एखादा नाईक आणि त्याचा तांडा नसेल, तर ते लष्कर उपाशीच चालले असे म्हणावे लागेल.

काळाचे मोजमापही तपासावे. घड्याळ नाही, प्रहर आहे, घटिका आहे, आणि एक घटिका म्हणजे चोवीस मिनिटे. अंतर कोसात. उंबरखिंडीचा दिवस २ फेब्रुवारी १६६१, म्हणजे माघ शुद्ध चतुर्दशी, शके १५८२. नुसत्या इंग्रजी तारखेने काहीच हाती लागत नाही. तिथी पाहिली की आदल्या रात्री आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र होता हे कळते. माघ म्हणजे पाऊस संपून चार महिने झालेले, सह्याद्रीतले ओढे आटलेले. खानाचे सैन्य तहानेने का व्याकुळ झाले, याचे उत्तर तिथीत आहे. शिवकालासाठी खरे जंत्री उपलब्ध असताना ‘अमावास्येच्या काळोखात’ असे लिहून मोकळे होणाऱ्या लेखकाला क्षमा नाही.

पात्रांच्या तोंडची भाषा

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मराठीला ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’ असे देखणे शब्द दिले. आपण ते अभिमानाने वापरावेत. परंतु रायबागनच्या तोंडी ‘दिनांक’ शोभणार नाही. ती मोगलांची सरदारीण होती. तिच्या बोलण्यात फर्मान, मनसब, तैनात, कूच हे शब्द स्वाभाविकपणे येणार. त्या काळची राजकारणी मराठी फारसीने किती व्यापली होती हे लेखकाने दाखवले, तरच पुढे शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ का करवून घेतला याचे मोल वाचकाला कळेल. रोगाचे वर्णनच टाळले, तर औषधाचे महत्त्व कसे पटणार?

शत्रुपक्षातील मराठी स्त्री

आता सर्वांत कठीण भाग. रायबागन मोगलांच्या बाजूने लढली. स्वराज्याच्या विरुद्ध तलवार घेऊन आली. राष्ट्रीय विचारांच्या लेखकाने तिचे काय करावे?

दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही खोटे आहेत. पहिला, तिला फितूर ठरवून काळ्या रंगात रंगवावे. दुसरा, ती मनातून शिवभक्तच होती आणि तिने मुद्दामच खानाला शरण जायला लावले, असे कल्पून तिला आपल्या बाजूला ओढून घ्यावे. दुसरा मार्ग अधिक मोहक आहे, टाळ्या मिळवणारा आहे. पण त्याला आधार नाही. ती निष्ठेने चाकरी करणारी, अनुभवी सेनानी होती. सैन्य मरणार हे दिसताच तिने योग्य सल्ला दिला, एवढेच साधन सांगते.

या पेचातून वाट दाखवतात ते स्वतः परमानंद. महाराजांच्या आश्रयातील कवी, तरीही शत्रुपक्षातील या स्त्रीच्या मुखी त्यांनी शहाणपणाचे शब्द घातले. तिला तुच्छ लेखले नाही. आणि महाराजांनी शरण आलेल्यांना जाऊ दिले. जे औदार्य शिवछत्रपतींनी रणांगणात दाखवले, ते लेखकाने मेजावर बसून नाकारावे, याला काय म्हणावे?

खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो रायबागनला न्याय दिल्यावरच विचारता येतो. इतके पराक्रमी, इतके बुद्धिमान लोक दिल्लीच्या आणि विजापूरच्या चाकरीत का होते? याच वऱ्हाडातील सिंदखेडराजाचे लखुजी जाधव निजामशाहीचे आधारस्तंभ. त्यांना १६२९ मध्ये देवगिरीला भर दरबारात मुलांसह ठार मारण्यात आले. त्यांचीच कन्या जिजाऊ. वऱ्हाडच्या मातीतल्या दोन कर्तृत्ववान स्त्रिया डोळ्यांसमोर आणाव्यात. एक परक्या सत्तेचा किताब मिरवते, दुसरी आपल्या पुत्राच्या मनात आपले राज्य उभे करते. पराक्रम दोघींकडे होता. ध्येय एकीकडे होते. चाकरीची वाट रुळलेली होती, प्रतिष्ठेची होती, त्या वाटेवर वतने होती. ती सोडून नवी वाट पाडणे किती अवघड होते, हे रायबागनच्या जीवनाकडे सहानुभूतीने पाहिल्याशिवाय उमगत नाही. शत्रू हलका केला की विजयही हलका होतो.

म्हणूनच असत्याच्या आधारावर प्रेरणा उभी करू नये. खोट्या प्रसंगाने भारावलेला तरुण त्या प्रसंगाचे खोटेपण कळले की खऱ्या इतिहासावरचाही विश्वास गमावून बसतो. विरोधकाला उत्तर देताना कल्पित कथा कामास येत नाहीत. तेथे अस्सल पत्रच लागते. आपल्या महापुरुषांना अतिशयोक्तीची गरज नाही. त्यांचे सत्यच इतके उंच आहे, की त्यावर चढवलेले खोटे मजले त्याला ठेंगणे करतात.

याचा अर्थ कल्पनेला मज्जाव नाही. साधने जेथे मुकी होतात तेथे कादंबरीकाराचे राज्य सुरू होते. रायबागनने खिंडीत काय पाहिले हे पत्र सांगेल. परतीच्या वाटेवर तिला काय वाटले, हे लेखकानेच सांगायचे. नियम एकच: जे घडल्याचे ठाऊक आहे ते बदलू नये, आणि जे कल्पिले ते प्रस्तावनेत प्रामाणिकपणे कबूल करावे. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. लेखक आणि चिकित्सक समोरासमोर बसले, प्रश्न विचारले गेले, आणि ते वाचकांपासून लपवले नाहीत. मतभेद असूनही शिकावे असा हा पाठ आहे.

घरचा रुमाल

शेवटी महागावकडे परत येऊ. यवतमाळच्या डॉ. य. खु. देशपांडे यांनी या आडवळणाच्या जिल्ह्यात राहून महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्या अभ्यासल्या, शारदाश्रमाच्या रूपाने जुन्या ग्रंथांचे भांडार उभारले. १९३९ मध्ये वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. तो शोधला तेथील पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांनी आणि प्रथम प्रसिद्ध केला तो डॉ. देशपांडे व द. बा. महाजन यांनी. त्या एका ताम्रपटाने वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास उजेडात आला. संशोधनाला पुण्या-मुंबईचा पत्ता लागत नाही, चिकाटी लागते.

अशी चिकाटी दाखवण्याजोगे काम प्रत्येक गावात पडून आहे. जुन्या देशमुख-देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरांत मोडी कागदांचे रुमाल अजून असतील. वाडा पाडताना ते रद्दीत जातात किंवा पावसात भिजून लगदा होतात. शिवारातल्या वीरगळांना शेंदूर फासला जातो, पण त्यांची नोंद होत नाही. तांड्यातील वृद्ध स्त्रियांच्या ओठांवरची गाणी त्यांच्याबरोबरच निघून जातात. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. तरुणांनी मोडी शिकावी. तिची मुळाक्षरे काही आठवड्यांत हाती येतात, सराव मात्र मोठा लागतो. प्रत्येक रुमालाचे छायाचित्र घ्यावे, मूळ कागद मालकाकडेच सुरक्षित ठेवावा, आणि कोणत्या घरात कोणत्या तारखेला काय पाहिले, हे वहीत लिहावे.

रायबागनवरची कादंबरी महागावातून लिहिली जाईल की नाही, हे काळ ठरवील. पण ती लिहिणाऱ्याला लागणारा एखादा कागद कदाचित आजही इथल्याच एखाद्या माळ्यावर फडक्यात बांधून पडलेला असेल. त्याला वाळवी लागण्याआधी तो उघडला जावा, एवढे तरी आपल्या हाती आहे.